.४५-७० लिव्हर रायफल अडकते, गोळ्या विखुरतात, हरीण पळून जातं: नवं काडतूस घेण्याआधी काय तपासायचं

ऑक्टोबर संपत आला की माझा फोन वाजायला लागतो. ओहायोत बंदुकीने हरीण मारायचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होतो. त्याआधीचे चार-पाच शनिवार रेंजवर एकच वाक्य कानावर येतं: "अरे, या रायफलला हे काडतूस मानवत नाही. दुसरं कुठलं घेऊ?"

रायफल बहुतेक वेळा .४५-७० ची लिव्हर ॲक्शन असते, म्हणजे घोड्याखालची कडी पुढे-मागे मारून काडतूस बदलणारी. २०१४ पासून ओहायोत सरळ भिंतीच्या, म्हणजे बाटलीसारखी मान नसलेल्या, काडतुसांच्या रायफली चालतात. त्याआधी शॉटगनच्या स्लगवर (छर्‍यांऐवजी एकच जड गोळी) भागवावं लागायचं. नियम बदलल्यावर अनेकांनी हौसेने मार्लिन किंवा हेन्री कंपनीची लिव्हर रायफल घेतली, त्यांत आपल्यातलेही काही जण आहेत. मग वीस काडतुसांच्या खोक्याला चाळीस ते साठ डॉलर मोजत एकामागून एक ब्रँड बदलणं सुरू होतं. माझ्या अनुभवात दहातल्या सहा-सात वेळा दोष काडतुसाचा नसतो. उरलेल्या वेळी असतो, पण खोकं घेताना माणूस ज्यामुळे धास्तावलेला असतो, त्यापेक्षा तो वेगळाच निघतो.

थोडी पार्श्वभूमी लागेल, कारण निम्मा गोंधळ तिथूनच येतो. .४५-७० हे १८७३ चं काडतूस, अमेरिकन लष्कराच्या ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्ड रायफलीसाठी बनवलेलं. .४५ म्हणजे कॅलिबर आणि ७० म्हणजे त्यात भरायची काळी दारू, ग्रेनमध्ये. गोळी ४०५ ग्रेनची, म्हणजे सव्वीस ग्रॅम. आजीच्या भाषेत सव्वादोन तोळे शिसं! पुढे विंचेस्टरची १८८६ ची लिव्हर रायफल याच काडतुसात आली, आणि १९७२ साली मार्लिनने १८९५ हे जुनं नाव नव्या रायफलीला देऊन तिला पुन्हा बाजारात आणलं. (त्याच वर्षी भारतात वन्यजीव संरक्षण कायदा आला. म्हणून गावाकडे या विषयावर बोलायला कुणी नाही, आणि इथे सगळे मलाच फोन करतात.) सांगायचं ते असं की एकाच नावाचं काडतूस दीडशे वर्षांच्या जुन्या बंदुकीतही जातं आणि आजच्या पोलादी रायफलीतही. काडतूस मात्र दोन्ही बंदुकांसाठी एकच नसतं.

लक्षणं

तक्रार नेमकी कुठली, हे आधी ठरवा. "मानवत नाही" या दोन शब्दांत किमान पाच वेगळे आजार लपलेले असतात.

- लिव्हर अर्ध्यावर अडकते. खाली जात नाही, वरही येत नाही.
- काडतूस ट्यूबमधून (बॅरलखालच्या काडतुसांच्या नळीतून) बाहेर येतं, पण नाक वर करून बॅरलच्या तोंडाशी अडतं.
- पहिल्या दोन गोळ्या शेजारीशेजारी लागतात, तिसरी-चौथी चार-पाच इंच लांब जाते.
- काल शून्यावर बसवलेला नेम आज सगळाच्या सगळा एका बाजूला सरकलेला असतो.
- नेम ठीक, गोळी लागलीही ठीक, पण हरीण काही न झाल्यासारखं पळून जातं. किंवा याच्या उलट, अख्खा खांदा रक्ताळून मांस फेकून द्यावं लागतं.

पहिली दोन लक्षणं यंत्राची, मधली दोन नेमाची. काडतुसाच्या निवडीचं खरं लक्षण फक्त शेवटचं. तरी दुकानात सगळे पाचही लक्षणांवर एकच औषध मागतात.

पुढचं काही करण्याआधी रायफल रिकामी करा. चेंबर (बार होताना काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी बघा, बोट घालून बघा, ट्यूबमधला काडतुसं ढकलणारा पिवळा किंवा केशरी तुकडा, म्हणजे फॉलोअर, दिसतोय का ते बघा. मग पुन्हा एकदा बघा. ट्यूबमध्ये एखादं काडतूस चिकटून राहणं ही या रायफलींची जुनी खोड आहे.

१. लिव्हर मारा, कुरवाळू नका

फुकटची तपासणी, म्हणून पहिली. नवी रायफल असली की माणूस लिव्हर हळूच, अदबीने चालवतो. ही रायफल त्यासाठी घडवलेली नाही. लिव्हर शेवटपर्यंत पुढे जायला हवी, तिथे ठक्क असं थांबायला हवी, आणि तितक्याच जोराने परत यायला हवी. अर्ध्यातून परत आणली तर रिकामी केस (काडतुसाची पितळी नळी) नीट बाहेर पडत नाही आणि नवं काडतूस पूर्ण उचललं जात नाही. बेंचवर रायफल टेकवून बसलं की लिव्हरखाली जागा कमी पडते आणि हात आपोआप आखडतो. म्हणून "बेंचवर अडकते, उभं राहिल्यावर नाही" असं कुणी म्हणालं की मी पुढचं ऐकतच नाही.

पाच डमी (बिनदारूची, बार न होणारी) काडतुसं भरून उभ्याने दहा वेळा रायफल चालवा. डमीच वापरा, घरात खरी काडतुसं नकोत. दहाही वेळा बिनतक्रार चालली तर आजार हाताचा होता.

२. स्क्रू

.४५-७० चा धक्का वजनदार असतो आणि लिव्हर रायफल म्हणजे स्क्रूंची वरात. लिव्हरचा स्क्रू, दस्ता जोडणाऱ्या टँगचा, फोरएंडच्या (बॅरलखालच्या लाकडाच्या) टोपीचे दोन, ट्यूबचा, काडतूस वर उचलणाऱ्या कॅरिअरचा आणि वर दुर्बिणीच्या बेसचे चार. यातला कुठलाही ढिला झाला तरी गोळ्या विखुरतात.

गेल्या वर्षीची गोष्ट. एकाने चार प्रकारची काडतुसं आणली, चारी विखुरली. पाचवं विकत घ्यायला तो निघालाच होता. मी दुर्बिणीच्या मागच्या बेसला अंगठा आणि तर्जनीत धरून हलवलं. हललं! कागद सरकावा इतकंच, पण हललं. मागचा एक स्क्रू बोटांनी अर्धा फिरला. अडीचशे डॉलरची काडतुसं संपली होती ती त्या अर्ध्या वेढ्यापायी.

बेसचे स्क्रू काढा, तेल पुसा, निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू पकडून ठेवणाऱ्या गोंदाचा) थेंब लावून परत बसवा. स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेत घट्ट बसणारंच हवं. घरातला निमुळत्या पात्याचा स्क्रूड्रायव्हर खाचेच्या कडा खातो, मग पुढच्या वेळी कुणालाच तो स्क्रू काढता येत नाही. फोरएंड आणि ट्यूबचे स्क्रू मात्र आवळून आवळून दाबू नका. तिथे जास्त दाब पडला तर बॅरल तापल्यावर वाकडा जोर लागतो आणि तिसरी-चौथी गोळी भरकटते.

३. रायफलीच्या मागचा माणूस

इथे लोक रागावतात, म्हणून हे मी हसत सांगतो. मित्राला तुमच्या नकळत काडतुसांत एक डमी मिसळायला सांगा. डमीवर घोडा पडला आणि बॅरलचं तोंड खाली झुकलं, तर गोळ्या काडतूस विखुरत नाही, खांदा विखुरतोय. मी स्वतः पहिल्यांदा हे केलं तेव्हा बॅरल इतकं खाली गेलं की शेजारच्या बेंचवरचे आजोबा खो खो हसले.

उपाय साधा आहे. सराव हलक्या काडतुसांवर करायचा, एका दिवसात वीसहून जास्त बार नाहीत, आणि तीन-तीन गोळ्यांमध्ये बॅरल हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. वाळूच्या पिशवीवर बॅरल टेकवायचं नाही. फोरएंड टेकवायचं, तेही रिसीव्हरजवळ (लिव्हरच्या वरच्या पोलादी पेटीजवळ), आणि मध्ये हात ठेवून.

४. बॅरल साफ करा

मार्लिनची सोय अशी की लिव्हरचा एक स्क्रू काढला की बोल्ट बाहेर येतो आणि मागून रॉड घालता येतो. शिशाच्या गोळ्या मारत असाल तर बॅरलमधून उजेडाकडे बघा. खाचांच्या कडेने करड्या, चमकत्या रेषा दिसल्या तर ते शिसं आहे. आधी तांब्याच्या जॅकेटच्या गोळ्या आणि मग शिशाच्या, असं एका दिवसात केलं तर तांब्याच्या थरावर शिसं हमखास चिकटतं. दोन्ही मारायच्या असतील तर मधे तांबं काढणारं सॉल्व्हंट वापरून बॅरल साफ करा.

५. आता काडतूस: गोळी कुठल्या वेगासाठी घडवली आहे?

इथवर सगळं ठीक असेल, तर खोकं हातात घ्या. बहुतेक जण आधी वजन बघतात. मी म्हणतो, आधी वेग बघा आणि मग विचारा की ही गोळी या वेगाला उमलणार का. गोळी शिकारीत कशी वागते हे तिच्या जॅकेटची जाडी, नाकाचा आकार आणि आदळतानाचा वेग ठरवतात. वजन त्यानंतर.

कारखान्याचं ४०५ ग्रेनचं मऊ नाकाचं काडतूस साधारण १३३० फूट प्रति सेकंद वेगाने निघतं. लोक नाक मुरडतात, "इतकं मंद?" त्याचं कारण म्हणजे ते जुनं ट्रॅपडोअर. अमेरिकेतली काडतुसांची मानकं ठरवणारी सामी ही संस्था .४५-७० चा कमाल दाब २८,००० पीएसआय इतकाच ठेवते, कारण कुणाच्या तरी आजोबांच्या माळ्यावर अजून ट्रॅपडोअर आहे आणि तो त्यात काडतूस घालणारच. पण या मंद काडतुसाची गोळीही त्याच वेगासाठी मऊ घडवलेली असते. ओहायोच्या जंगलात हरीण बहुतेकदा शंभर यार्डांच्या आत दिसतं. तिथे मला हेच आवडतं. धक्का सोसवतो, आणि मांस वाया जात नाही. मात्र शंभर यार्डांवर शून्य ठेवलं तर दोनशेवर गोळी सुमारे दोन फूट खाली जाते. मक्याच्या मोकळ्या शेताच्या कडेला बसणार असाल तर हे घेऊ नका.

त्यासाठी ३०० ग्रेनची पोकळ नाकाची गोळी. वेग १८५० ते १९०० च्या आसपास, दोनशे यार्डांवर पडझड साधारण एक फूट. ही हरणासाठीच आहे. जवळून खांद्याच्या हाडावर लागली की मांस रक्ताळतं, ही तिची किंमत. म्हणून खांद्याच्या मागे, फासळ्यांत नेम धरा. अस्वलाच्या जाड खांद्यावर मी ही मारणार नाही.

मग छोट्या कंपन्यांची कडक शिशाची, रुंद चपट्या नाकाची, ४०० ते ४३० ग्रेनची जोरदार काडतुसं. अलास्कात अस्वलाच्या भीतीने बरोबर ठेवायला, किंवा मूससाठी (तिथलं प्रचंड मोठं हरीण) ती उत्तम. ती उमलत नाहीत, आरपार जातात. हरणाच्या फासळ्यांतून गेली तर हरीण चमकतही नाही, शंभर-दीडशे यार्ड पळतं आणि मग पडतं. ते पळालं म्हणजे गोळी चुकली असं समजून लोक शोध सोडतात. शोध सोडू नका! आणि ही जोरदार काडतुसं आधुनिक लिव्हर रायफलीपुरतीच. ट्रॅपडोअर, जुनी विंचेस्टर किंवा वय माहीत नसलेली बंदूक असेल तर ती घालूच नका. आपली रायफल त्यात बसते का, हे खोक्यावर वाचा आणि रायफल बनवणाऱ्या कंपनीलाही विचारा.

स्वतः काडतुसं भरणाऱ्यांसाठी एक सापळा आहे. .४५-७० ची गोळी .४५८ इंच व्यासाची, आणि .४५८ विंचेस्टर मॅग्नमचीही तेवढीच. ते १९५६ चं काडतूस, आफ्रिकेतल्या हत्ती-रेड्यांसाठी, दोन हजार फुटांहून जास्त वेगाचं. त्यासाठीच्या गोळ्यांचं जॅकेट जाड असतं. एका मित्राने अशाच गोळ्या सेलमध्ये स्वस्तात घेतल्या आणि लिव्हर रायफलीत भरल्या. हरणाला लागली, आत जातानाचं भोक करंगळीएवढं, बाहेर पडतानाचंही करंगळीएवढं. ओल्या पानांत रक्ताचा थेंब वीस-वीस पावलांवर. अंधार पडेपर्यंत चौघे वाकून शोधत होतो. हरीण मिळालं, पण त्याचं श्रेय गोळीला नाही.

.४४४ मार्लिनवाल्यांकडे हाच सापळा उलटा असतो. १९६४ चं ते काडतूस २४० ग्रेनची गोळी २३५० फुटांनी फेकतं. त्यात .४४ मॅग्नम पिस्तुलाची गोळी भरली तर ती हाडावर फुटून जागच्या जागी विखुरते. शिवाय जुन्या .४४४ च्या बॅरलमधल्या खाचांचं वळण ३८ इंचांत एक फेरा इतकं मंद आहे, त्यामुळे लांब, जड गोळ्या त्यात स्थिर राहत नाहीत. कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक दिसलं तर गोळी आडवी होतेय असं समजा. .४५-७० च्या मार्लिनचं वळण २० इंचांत एक आहे, तिथे ही अडचण सहसा येत नाही.

टोकदार गोळी ट्यूबमध्ये कधीच नको. ट्यूबमध्ये काडतुसं एकामागे एक उभी असतात, मागच्याचं नाक पुढच्याच्या प्राइमरवर (बुडाच्या ठिणगी देणाऱ्या टोपीवर) टेकलेलं. धक्क्याने कडक टोक प्राइमरवर आदळलं तर ट्यूबमध्येच बार होतो. चपटं नाक हवं, किंवा हॉर्नडीच्या ३२५ ग्रेनच्या गोळीसारखं मुद्दाम मऊ ठेवलेलं रबरी टोक. दिसायला तसंच पण कडक प्लॅस्टिकचं टोक असलेली दुसऱ्या रायफलीची गोळी तिच्या जागी चालत नाही.

कॅलिफोर्नियावाल्यांना निवडच थोडी आहे. १ जुलै २०१९ पासून तिथे शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. तांब्याची गोळी त्याच वजनाला जास्त लांब असते, म्हणून वजन एक पायरी कमी घ्या.

दोन काडतुसं एका शून्यावर बसत नाहीत, हेही लक्षात ठेवा. पन्नास यार्डांवर मंद, जड गोळी बहुतेकदा वर लागते, कारण बॅरल धक्क्याने उचलेपर्यंत ती आतच असते. "काल नेम बरोबर होता" म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या खिशात दोन खोक्यांतली काडतुसं मिसळलेली सापडतात.

६. लांबी आणि घट्ट तोंड

विकतची काडतुसं असतील तर हे सोडून पुढे जा.

काडतुसाची एकूण लांबी २.५५० इंचांच्या आत हवी. त्याहून लांब झालं तर ते कॅरिअरवर मावत नाही आणि नाक वर करून अडतं. लक्षण दोनचं कारण बहुतेकदा हेच. केसचं तोंड मात्र गोळीभोवती घट्ट आवळलेलं हवं. ट्यूबची स्प्रिंग आणि धक्का मिळून गोळी केसमध्ये आत ढकलतात. गोळी आत गेली की दाब वाढतो.

ते असं तपासा. एका काडतुसाची लांबी कॅलिपरने मोजा, त्यावर मार्करने खूण करा आणि ते ट्यूबमध्ये सगळ्यात आधी भरा. त्यामागे तीन भरा, ती तिन्ही मारा. मग खुणेचं बाहेर काढून पुन्हा मोजा. काही हजारांश इंचांचाही फरक पडला तर तोंड ढिलं आहे.

हॉर्नडीच्या त्या रबरी टोकाच्या काडतुसांची केस मुद्दाम आखूड असते, नेहमीच्या २.१०५ ऐवजी २.०४० इंच. रिकाम्या केस एकाच डब्यात टाकून पुन्हा भरल्या की तोंड आवळणारा डाय (साचा) आखूड केसच्या तोंडापर्यंत पोचत नाही. वरून सगळी काडतुसं सारखी दिसतात, ट्यूबमध्ये मात्र अर्ध्यांच्या गोळ्या आत सरकतात. दोन डबे ठेवा.

दारूचं प्रमाण इथे देत नाही, मागूही नका. छापील मॅन्युअलमध्ये .४५-७० चे तक्ते रायफलीच्या प्रकाराप्रमाणे वेगळे असतात. आपला तक्ता बघा आणि खालच्या आकड्यापासून सुरू करा.

७. बॅरल मोजा

शिशाच्या गोळ्या साफ बॅरलमधूनही विखुरत असतील तरच. मऊ शिशाचा तुकडा तेल लावलेल्या बॅरलमधून रॉडने हलके ठोकत पार करा आणि मायक्रोमीटरने मोजा. गोळी त्याहून हजारांश-दोन हजारांश इंच जाड हवी. म्हणून अनेकांना .४५८ पेक्षा .४५९ किंवा .४६० ची गोळी मानवते. जुन्या मार्लिनमध्ये बारा उथळ खाचांचं मायक्रो-ग्रूव्ह बॅरल आहे, तिथे हे जास्त खरं. नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून आलेल्या सहा खोल खाचांच्या बॅरलला कमी लाड लागतात.

इथे थांबा आणि गनस्मिथकडे जा

बार झाला, पण आवाज "पुक्" असा आला आणि धक्का नेहमीपेक्षा हलका वाटला. लिव्हर मारून पुढचा बार करू नका. गोळी बॅरलमध्ये अडकली असू शकते, आणि तिच्यामागून दुसरी गेली तर बॅरल फुटतं. रायफल रिकामी करून तशीच न्या.

रिकामी केस काढायला लिव्हरवर जोर लावावा लागतो, केसला रिमच्या (बुडाच्या कडेच्या) वर चकचकीत वळं दिसतं किंवा भेग पडते, तेव्हा थांबा. प्राइमर चपटा दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. या काडतुसात प्राइमर चपटा होईपर्यंत तुम्ही मर्यादेच्या फार पुढे गेलेले असता. प्राइमर बाहेर आलेला दिसला तर ते हलक्या काडतुसामुळेही होतं आणि हेडस्पेस (चेंबरमध्ये काडतुसामागची मोकळी जागा) बिघडल्यामुळेही. फरक गेज लावल्यावरच कळतो, आणि गेज गनस्मिथकडे असतं.

लिव्हर अर्ध्यावर अडकली आणि आत दोन काडतुसं दिसली, तर जोर करू नका. जुन्या मार्लिनमध्ये लिव्हरची धारदार कड वर्षानुवर्षं कॅरिअरला खरवडते, मग दुसऱ्या काडतुसाची रिम कॅरिअरखाली घुसते. याला इथे सरळ मार्लिन जॅम म्हणतात. चेंबरमध्ये काही नसेल तरी बॅरल सुरक्षित दिशेला ठेवून तसंच दुकानात न्या, आणि जाण्याआधी फोन करून "आत काडतुसं आहेत" हे सांगा. लिव्हरची कड गुळगुळीत करणं आणि कॅरिअर सुधारणं हे त्याचं काम. घरी कानस घेऊन बसलेले दोघं मी पाहिलेत. दोघांनाही शेवटी नवं कॅरिअर घ्यावं लागलं.

जाताना मारलेल्या केस धुऊन-पुसून नेऊ नका. काजळीसकट, कुठल्या खोक्यातल्या ते लिहून, वेगवेगळ्या पिशव्यांत न्या. आणि काडतुसाचं खोकंही न्या, आतल्या झाकणावरच्या लॉट नंबरासकट.